के. एन. पोतनीस यांनी संशोधन थांबवलं आहे

लखनौच्या मराठी मंडळींत गणपतीच्या दिवसांत कुणालाही विचारा, डॉ. कांचन पोतनीस कुठं भेटतील म्हणून. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तेच "मायदेव वहिनी कुठंयत?" असं विचारलंत, तर दहा जण बोट दाखवतील. त्या काय, मोदकांच्या परातीशी पदर खोचून उभ्या आहेत, आणि कुणावर तरी डाफरतायत, त्याच. कागदोपत्री नाव सुहासिनी सुबोध मायदेव. सुहासिनी! आता या बाईला हसताना पाहिलेली माणसं त्या राहतात त्या सगळ्या विकास नगरात शोधून सापडायची नाहीत, पण नाव सुहासिनी. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कांचन. या गोष्टीत तरी आपण तिला कांचनच म्हणू या, बाकी जगानं ते पुष्कळ वर्षं म्हटलेलं नाही.

ती चिडकी आहे, असं सगळे म्हणतात. आहेच. पण का चिडते, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

पुण्याला पीएच.डी. करत होती, तेव्हा कांचन हापूसच्या साक्यावर काम करायची. साका म्हणजे वरून पिवळाधमक, देखणा दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबटढोण गर निघावा. गिऱ्हाईक शिव्या घालतं, बागायतदार कपाळाला हात लावतो. फळ न कापता आत साका आहे की नाही ते सांगणारी एक चाचणी कांचननं बसवली. त्यासाठी कोकणातल्या बागांत उन्हातान्हाची फिरली, पेट्या उचलल्या, चिकानं हात सोलवटून घेतले. तिचे गाइड नंदकुमार सर भला माणूस. पेपर छापायला पाठवला तेव्हा पहिलं नाव त्यांनी तिचं घातलं, दुसरं स्वतःचं. आणि तिसरं नाव विभागप्रमुखांचं, डॉ. चंद्रशेखर बेहेरे. बेहेरेसरांचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता. आंब्याचा त्यांचा अभ्यास ताटातल्या फोडीपुरता. पण विभागातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर प्रमुखांचं नाव जायचं, ही तिथली रीतच होती, आणि रीत म्हटलं की आपल्याकडे भल्याभल्यांची वाचा बसते.

पेपर छापून आला २००० साली. के. एन. पोतनीस, म्हणजे कांचन नरहर पोतनीस. वडिलांनी त्या पानाची झेरॉक्स काढून सगळ्या नात्यागोत्यात वाटली होती.

पुढच्याच वर्षी लग्न झालं. मुलगा चांगला, रेल्वेत इंजिनीयर, लखनौला नोकरी. आता सुबोधच्या थोरल्या बहिणीचं नाव नेमकं कांचन. सासूबाई म्हणाल्या, "एका घरात दोन कांचन कशा चालतील? हाक मारली की दोघी येतील." यावर सगळं घर हसलं. कांचनही हसली, तेव्हा हसायची ती. ताटात तांदूळ पसरले, सुबोधनं अंगठीनं त्यात सुहासिनी लिहिलं, फोटो काढले, पेढे वाटले, झालं. रेल्वेच्या पासवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असं नको, म्हणून सासऱ्यांनी खटपट करून गॅझेटमध्येही नाव बदलून आणलं. हौसेनं केलं हो, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तोच तर वैताग आहे. मनात वाईट असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

लखनौला आल्यावर मुलगी झाली, सृष्टी. दोन वर्षं घरात गेली. मग मलिहाबादच्या रस्त्यावरच्या एका फळसंशोधन संस्थेत जागा निघाली आणि कांचन तिथं चिकटली. हापूस गेला, दशहरी आला. दशहरीतही साक्यासारखीच एक भानगड असते, कोयीभोवतीचा गर जेलीसारखा होऊन कुजतो. कांचननं आपली जुनी चाचणी काढली आणि ती दशहरीला लागू करायच्या मागे लागली. मे-जूनच्या रणरणत्या उन्हात बागवानांशी हिंदीत हुज्जत घालायची, घरी येऊन सृष्टीशी मराठीत बोलायची, सृष्टी हिंदीत उत्तर द्यायची. "अगं, मराठीत बोल!" "बोल तो रही हूँ, आई." असा तो संसार. पेपर छापून यायचे, त्यांवर नाव एस. एस. मायदेव. जुनी के. एन. पोतनीस कुठं आहे, हा विचार तिच्या डोक्यात बरीच वर्षं आला नाही. कामच एवढं असायचं.

मग संशोधकांसाठी ती संकेतस्थळं निघाली. आपले पेपर तिथं टाकायचे, दुसऱ्यांचे वाचायचे, मागायचे, कोण कुणाचा आधार घेतं ते बघायचं. संस्थेच्या ग्रंथालयानं परदेशी नियतकालिकं परवडत नाहीत म्हणून बंद केली होती, त्यामुळे सगळे त्यातल्या एकावर तुटून पडले. कांचननंही २०१२ साली खातं उघडलं. गंमत म्हणजे तिला पहिल्यांदा हवा होता तो स्वतःचाच पेपर. तिच्याकडची प्रत घर बदलताना कुठं गेली देव जाणे. शोधल्यावर सापडला. पण वाचायला खुला नव्हता. खाली बटण होतं, लेखकाकडे मागणी करा. तिनं दाबलं. करणार काय! स्वतःच्या हातानं लिहिलेला पेपर तिनं लेखकाकडे मागितला, आणि दुसऱ्या दिवशी लेखकानं तो पाठवलासुद्धा.

लेखक म्हणजे डॉ. चंद्रशेखर बेहेरे. सोबत इंग्रजीत चार ओळी होत्या. प्रिय श्री. मायदेव. हो, श्री. एस. एस. मायदेव म्हणजे पुरुषच असणार, नाही का! पेपर पाठवत आहे, वापरल्यास आमचा उल्लेख अवश्य करावा. हे काम माझ्या विभागात, माझ्या मार्गदर्शनाखाली झालं. प्रथम लेखिका डॉ. पोतनीस हुशार विद्यार्थिनी होत्या, परंतु विवाहानंतर त्यांनी संशोधन सोडलं.

कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतल्या मॅडम "क्या हुआ, क्या हुआ?" करत धावत आल्या. बिचारीला वाटलं घरून काही वाईट बातमी आली. सोडलं? कुणी सोडलं? या माणसाला कोण सांगायला गेलं होतं?

तिनं ते पान नीट उघडून पाहिलं. तिथं के. एन. पोतनीस या नावाचं एक खातं त्या संकेतस्थळानं आपणहून बनवून ठेवलेलं होतं. माणसाच्या आकाराची राखाडी सावली, फोटो नाही. खाली तिचे पुण्याचे सगळे पेपर, आणि नावाखाली एक ओळ, या लेखिकेने संशोधन थांबवलं आहे. पहिला लेखक सापडला नाही की ते संकेतस्थळ सहलेखकाला विचारायचं, ही व्यक्ती अजून काम करते का? नंदकुमार सर तर कधीच वारले होते. उरले बेहेरे. बेहेरेसरांनी बसल्या जागेवरून 'नाही' दाबलं. तेव्हापासून त्या पेपरांची राखण त्यांच्याकडे, मागण्या त्यांच्याकडे, जगभरातून येणारी शाबासकीसुद्धा त्यांच्याकडे. आणि चांगलीच येत होती हो! साक्यावर काम करणारा जो तो त्या चाचणीचं नाव घेत होता, आणि तिला बेहेरे चाचणी म्हणत होता.

बेहेरे चाचणी! ज्या माणसाला पेटीत पेंढा खाली की वर घालतात तेही माहीत नाही, त्याच्या नावाची चाचणी!

तिनं उत्तर लिहिलं. मीच कांचन पोतनीस, लग्नानंतर नाव बदललं, संशोधन सोडलेलं नाही, कृपया नोंद दुरुस्त करावी. गॅझेटचं पान जोडलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. संकेतस्थळाला लिहिलं, तर तिकडून यंत्रानं छापील जवाब दिला की नोंद सहलेखकानं केली आहे, बदलायची असल्यास सहलेखकाशी संपर्क साधावा.

घरी आली ती भांडी आपटतच. सुबोध म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. तुला माहितीय ते काम तुझं आहे. बास की."

"मला माहीत असून काय लोणचं घालायचंय?"

"नाही म्हणजे, एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला?"

"तुझ्या एखाद्या पुलावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावली असती तर?"

"सरकारी पुलावर आमच्या नावाची पाटी लावतंय कोण," सुबोध हसत म्हणाला. माणूस वाईट नाही, पण कुठं हसावं ते कळत नाही त्याला.

तरी हे सगळं ती गिळून बसली असती. गिळायची सवय असतेच आपल्याला. पण २०१४ साली संस्थेत नवा नियम आला. बढती हवी असेल तर त्या संकेतस्थळावरच्या आपल्या पानाचा छापील कागद जोडायचा. तिथं जे पेपर दिसतील तेवढेच मोजणार. प्रमुख शास्त्रज्ञाची एक जागा होती आणि कांचन तिच्यासाठी कधीची पात्र होती. आस्थापनेतल्या तिवारीजींकडे ती कागद घेऊन गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मैडम, इसमें तो आपका काम आधा ही दिख रहा है।"

"बाक़ी पोतनीस नाम पर है। यह गजट देखिए।"

"गजट तो ठीक है मैडम, पर गजट में पेपर थोड़े ही लिखे हैं। साइट पर चढ़वा दीजिए, हम गिन लेंगे।" तिवारीजी सज्जन होते, चहा मागवला. कांचननं तो तसाच ठेवला आणि निघून आली. चढवा म्हणे! ज्यानं बुडवलं त्याच्याच पाया पडून चढवा!

ती त्याही पायऱ्या चढली. बेहेरेंना पुन्हा लिहिलं, या वेळी अगदी मऊ, विनंतीच्या भाषेत. प्रत्येक 'कृपया' तिनं दोनदा खोडला आणि पुन्हा लिहिला. रागानं. उत्तर आलं नाही. शेवटी जुनाच अपुरा कागद जोडून तिनं अर्ज केला. चाचणी माझी आहे हे मुलाखतीत समोरासमोर सांगेन, ऐकून घेतील, असं तिनं मनाशी ठरवलं.

मुलाखतीच्या दिवशी ती निळी कोटा साडी नेसून गेली. दार उघडून आत पाहते तो टेबलामागे संस्थेचे अध्यक्ष, दोन स्थानिक प्राध्यापक, आणि बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ म्हणून डॉ. चंद्रशेखर बेहेरे! केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण तेच. त्यांनी मान हलवून नमस्कार केला. ओळख? छे. प्रयोगशाळेत कधी फिरकलेच नव्हते तर ओळखणार कुठून? त्यांनी तिला उभ्या आयुष्यात पाहिलं असेल ते विभागाच्या स्नेहसंमेलनात, चहाच्या रांगेत.

कांचननं दशहरीवरचं काम मांडायला सुरुवात केली. चाचणी हापूससाठी कशी बसवली, दशहरीला कशी लागू केली, मलिहाबादच्या बागवानांनी ती कशी उचलली. अध्यक्षांनी तिला मधेच थांबवलं. "मैडम, एक मिनट। यह टेस्ट तो बेहेरे साहब के ग्रुप की है न? आप कह रही हैं 'मैंने विकसित की'।"

खोलीत सगळे तिच्याकडे पाहू लागले. चोराकडे बघतात तसे. कांचनचे कान तापले. आणि बेहेरेसर मोठ्या मनानं हात हलवून म्हणाले, "कोई बात नहीं, कोई बात नहीं। विज्ञान सबका है। मैडम ने उसे आगे बढ़ाया, यह भी अच्छी बात है।"

मोठं मन! दुसऱ्याच्या कष्टांवर मोठं मन दाखवायला यांच्या तीर्थरूपांचं काय जातंय!

"सर," ती हिंदीतच म्हणाली, "वो टेस्ट बनाई किसने थी?"

"हमारी एक छात्रा थी, पोतनीस," बेहेरे खुर्चीत मागे रेलले. "बड़ी तेज़ लड़की। फिर वही, शादी हो गई, और बस। ख़त्म। लड़कियों के साथ यही दिक़्क़त है, इतना सिखाओ और…" त्यांनी हाताचे पंजे उघडून दाखवले. अध्यक्षांनी समजूतदारपणे मान डोलावली.

कांचननं फाइल मिटली. आणि ती मराठीत बोलली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून.

"सर, ती मुलगी तुमच्यासमोर बसलीय."

बेहेरेंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे? तुम्ही पोतनीस? अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

"सांगितलं होतं. मेल पाठवल्या. गॅझेट जोडलं. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

"आता रोज इतक्या मेल येतात हो, कुठं बघणार?" ते गडबडले होते, पण हार मानणाऱ्यांतले नव्हते. "आणि हे बघा ताई, नाव तुमचं तुम्ही बदललंत. आम्ही काय समजायचं? त्यात आमचा काय दोष?"

"सर, तुमचंही लग्न झालंय ना?"

"हो. म्हणजे काय?"

"मग तुमच्या लग्नात तुमचे किती पेपर गेले?"

अध्यक्ष विचारू लागले, "क्या कहा, क्या कहा मैडम ने?" तेव्हा तिनं तेच हिंदीत सांगितलं, शांतपणे, शब्दन् शब्द. आणि बेहेरेंकडे वळून पुन्हा मराठीत म्हणाली, "मी अजून आंबेच कापतेय सर. रोज. मी थांबले असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही मला विचारलं नाहीत, माझ्या घरी फोन केला नाहीत, एक बटण दाबलंत आणि मला मारून टाकलंत. आणि वर माझ्या कामाबद्दल मलाच माफ करताय!" आवाज चढला होता. चढू दे! बाहेर बसलेल्या उमेदवारांनाही ऐकू गेलं असणार. कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेल्या तिवारीजींनी पेन खाली ठेवलं.

अध्यक्षांनी मुलाखत तहकूब केली. आधी साइटवरची नोंद साफ होऊ द्या, मग पाहू, असं ठरलं. जिन्यात बेहेरेसरांनी तिला गाठलं. "असं चारचौघांत बोलायला नको होतं, ताई. मी करून दिलं असतं."

"कधी?" कांचननं विचारलं आणि ती उत्तराला थांबली नाही.

पण चारचौघांत बोलल्याचा गुण आलाच. त्याच आठवड्यात संकेतस्थळाकडून निरोप आला. आपल्या सहलेखकाने नोंद मागे घेतली आहे. के. एन. पोतनीस यांचे पेपर एस. एस. मायदेव यांच्या खात्यात जोडायचे का? जोडल्यावर सर्व पेपरांवर लेखिका म्हणून एस. एस. मायदेव हेच नाव दिसेल. हो किंवा नाही.

कांचननं तिवारीजींना फोन केला. ते खूश झाले. "बस मैडम, 'हाँ' कर दीजिए। सारा काम एक जगह, आपका प्रमोशन पक्का।"

"और उल्टा करूँ तो? सब पोतनीस के नाम पर?"

"अरे नहीं नहीं। सर्विस बुक में आप मायदेव हैं। पोतनीस के नाम का एक भी नहीं गिना जाएगा, जब तक रिकॉर्ड में नाम न बदले। उसमें तो साल दो साल लगेंगे। जगह किसी और को चली जाएगी।"

फोन ठेवून ती पडद्याकडे बघत बसली. वडिलांनी नात्यागोत्यात वाटलेल्या पानावरचं नाव बेहेरेंनी झाकलं होतं, पण पुसलं नव्हतं. पुसायचं काम आता तिच्याकडे आलं होतं, आणि बक्षीस म्हणून बढती. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा राग, ते तिलाही सांगता आलं नसतं. बेहेरेंचा, सासूबाईंचा, त्या ताटातल्या तांदळाचा, त्या वेळी सगळ्यांबरोबर हसलेल्या स्वतःचा.

तिनं 'नाही' दाबलं. मग त्या राखाडी सावलीचं पान स्वतःच्या ताब्यात घेतलं, तिथं आपला फोटो लावला, आणि एस. एस. मायदेवचे सगळे पेपर एकेक करून त्याखाली आणले. कांचन नरहर पोतनीस, अगदी पूर्ण नाव घातलं. प्रमुख शास्त्रज्ञाची जागा दुसऱ्याला गेली. त्याचं तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि कुणी विचारलं तर ती तसं स्पष्ट सांगते.

घरी तिनं सुबोधला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. "गॅझेटमध्ये पुन्हा अर्ज करतेय. पूर्वीचंच नाव."

"आता? या वयात?" त्यानं पेपर खाली केला. त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "बढती घालवलीस. ते ठीक आहे, तुझा निर्णय. पण सगळीकडून मायदेव काढून टाकणार? मग माझं नाव?"

"तुझं नाव तुझ्यापाशी आहे की. जन्मल्यापासून आहे तिथंच आहे," कांचन म्हणाली. "त्याला कधी कुणी हात लावलाय?"